खरा पगार टाइप रेटिंगनंतर

भाच्याला बारावीनंतर एएमईला, म्हणजे विमान देखभालीच्या इंजिनिअरिंग कोर्सला घालावं का, पगार बरा मिळतो का, असं एकांनी विचारलंय. मिळतो, पण कोर्स संपल्या संपल्या नाही. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) विषयवार मॉड्यूल परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, मग बी१ (इंजिन, सांगाडा) किंवा बी२ (इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) लायसन्स आणि त्यावर ए३२०सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक प्रकारच्या विमानाच्या कामावर सही करण्याची परवानगी. पगार वाढतो तो तिथून. तोवर टेक्निशियनच्या पगारावर भागवावं लागतं, घरच्यांनी तेवढी वर्षं पाठीशी उभं राहायला हवं.

काम बरंचसं रात्रीचं. माझा धाकटा भाऊ पहाटे चारला डोक्याला बॅटरी बांधून सेफ्टी वायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार, पिळत असतो. शेवटी हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. मग लायसन्सवाल्याची सही. फी भरण्याआधी संस्थेला सीएआर-१४७ मान्यता (हा कोर्स शिकवण्याची डीजीसीएची मंजुरी) आहे का, हे डीजीसीएच्या यादीत स्वतः बघा.