महापुरात तुमच्या गल्लीत कोण धावलं? अनुभव लिहा

ऑगस्ट २०१९. कोल्हापुरात पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडलेले. हे आकडे आपल्याला पाठ आहेत. मला हवंय ते वेगळं. तुमच्या वाडीत, गल्लीत नेमकं कुणी काय केलं? ‘माणुसकी जिवंत आहे’ एवढं लिहून पळू नका. कुठं फसलं तेही येऊ द्या. सुरुवात मी करते.

माझं सासर शिरोळ तालुक्यातलं. पाण्यानं गावाला वेढा दिला तेव्हा बोट यायला दीड दिवस होता. पोरांनी गुऱ्हाळातली काहील, म्हणजे गूळ शिजवायची मोठी पसरट कढई, बाहेर काढली. काहील पाण्यात सरळ जात नाही, गरगर फिरते. म्हणून या टोकाच्या पिंपळापासून उंचावरच्या शाळेपर्यंत दोर बांधला. एका खेपेला चार माणसं, आणि काठाला धरून दोन पोहणारे. आधी कुणाला न्यायचं यावरून मात्र जुंपली. तेव्हा दूध संस्थेचे सचिव वही घेऊन आले. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कुणाची सून दिवसांत आहे, हे त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालणाऱ्यांकडून कळत असे. त्या वहीतल्या नावांवर ते खुणा करत गेले आणि भांडण मिटलं. आमच्या सासूबाई तरीही हलेनात. “म्हशीचं दावं सोड, मग येते.” सोडलं. म्हैस आमच्या आधी पलीकडं पोचली.

कोल्हापूर, पेठेतून
आमच्याकडं पाणी नव्हतं, पण शिरोलीजवळ महामार्ग बंद, त्यामुळं पेट्रोलला रांगा आणि दुधाची ओढाताण. तालमीच्या पोरांनी घरटी पाच भाकऱ्या मागितल्या. आईनं वीस थापल्या आणि वर खर्डा. संध्याकाळी तालमीत भाकऱ्यांची चळत कमरेएवढी झाली. पुढारी आले, फोटो काढून गेले. त्यांच्यावर इथं शब्द खर्च करत नाही.

पुण्याहून
आमची चूक सांगते. सोसायटीत दोन दिवसांत टेम्पोभर कपडे जमले. उसवलेल्या साड्या, एक लग्नातला कोट, एकेकटे बूट! तिथल्या ओळखीच्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, “ताई, कपड्यांचा डोंगर झालाय. खराटे पाठवा. फिनेल पाठवा. आणि बायकांना लागतं ते, कागदात गुंडाळून.” मग सगळं उतरवून पुन्हा भरलं. निघायला दोन दिवस उशीर झाला, पण गाडी उपयोगाची गेली.

सांगली
विरोधी सूर लावतो, राग मानू नका. पाणी होतं तोवर आमची गल्ली एका ताटात जेवली. एका मजल्यावर सात कुटुंबं, एकच शेगडी, आणि कुणाची जात कुणी विचारली नाही. पाणी ओसरलं आणि पंचनाम्याची यादी लागली. पहिल्या मजल्यावरच्यांचं नाव आलं, तळमजल्यावरच्या भाडेकरूचं नाही. घरमालक म्हणाला, घर माझं, नुकसान माझं. त्या भाडेकरूनंच मालकाच्या आईला पाठीवर घेऊन जिना चढवलं होतं. आम्ही सहाजण त्याच्याबरोबर दोनदा कचेरीत जाऊन आलो. तिसऱ्यांदा मी गेलो नाही, दुकान उघडायचं होतं. शेवटी त्याला काही मिळालं की नाही, मी विचारलंही नाही. मागच्या दिवाळीत तो दुसरीकडं राहायला गेला.

शिरोळ, पुन्हा मीच
सांगलीकर, हे लिहिलंत ते बरं केलंत. यादीवरून आमच्याकडंही तंटा झालाच. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा सचिवांनी वहीच्या दोन झेरॉक्स आधीच काढून ठेवल्या होत्या. एक त्यांच्याकडं, एक शाळेत. भाडेकरूंची नावं शेवटच्या पानावर, वेगळ्या शाईत, नंतर भरलेली.