प्रतिसाद: पहाटे अचानक पाय लुळे पडणे

बीडच्या एका तरुणाला काय झालं असेल, असं विचारलंय: रात्री लग्नाची पंगत, पहाटे दोन्ही पाय उचलेनात, शुद्ध मात्र पूर्ण. लकवा म्हणून मोकळे होऊ नका. थायरॉईडचं हार्मोन वाढलेलं असलं की रक्तातलं पोटॅशियम पेशींत ओढलं जाऊ शकतं, रक्तात ते कमी पडतं आणि स्नायू लुळे पडतात. भरपेट भात-बुंदी किंवा कष्टानंतरची विश्रांती हे निमित्त होतं. आपल्याकडे अशक्तपणा दिसला की ग्लुकोजचं सलाईन लावतात. इथे तेच घातक, कारण इन्सुलिन वाढून पोटॅशियम आणखी उतरतं! आधी ईसीजी आणि पोटॅशियम तपासा. पोटॅशियम ३.५ (मिलीमोल प्रति लिटर) च्या खाली असेल तर पोटॅशियम द्यायचं, पण दवाखान्यातच आणि बेतानं. झटका ओसरताना ते पेशींतून परत येतं आणि धोक्याइतकं चढू शकतं. टीएसएच, टी३, टी४ या थायरॉईडच्या रक्ततपासण्या कराच. थायरॉईड आटोक्यात येईपर्यंत झटके रोखायला डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल हे औषध देतात. नुसत्या पोटॅशियमच्या औषधानं पुढचा झटका टळत नाही.