मदत हवी आहे: कॅलॅक्स (आयकियाचं चौकोनी कप्प्यांचं शेल्फ) आडवं टाकून बसायची पेटी करता येईल का?

ऐरोलीला आमचा वन आरके आहे. तुर्भ्याच्या आयकियातून घेतलेलं आठ कप्प्यांचं कॅलॅक्स (७७ बाय १४७ सेंमी, खोली ३९) तीन वर्षं भिंतीला उभं आहे. आता आई कायमची राहायला येतेय. तिचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही. म्हणून ते पाठीवर झोपवायचं, म्हणजे कप्प्यांची तोंडं वर येतील, उंची ३९ सेंमी. वर प्लायची उचलायची झाकणं, त्यावर गादी. आत गोधड्या, डबे, गणपतीचं सामान.

अडचण अशी की बाहेरच्या जाड फळ्या आतून भरीव नाहीत. केबलसाठी भोक पाडलं तेव्हा पातळ पत्र्यासारख्या थराखाली मधमाशांच्या पोळ्यासारखा कागद दिसला. बिजागरीचे स्क्रू त्यात धरणार कसे? कडेला भरीव पट्टी लागते, पण ती किती रुंद असते?

सुतारकाका म्हणतात, खाली १८ मिमी मरीन प्लायचा तळ आणि चार पाय द्या, झाकणाचा भार आतल्या उभ्या फळ्यांवर येऊ द्या. मला ते पटतंय. पण आई रोज त्यावर बसणार, त्यामुळे अंदाजाने काही करायचं नाही.

शिवाय आमची ती भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि कॅलॅक्समधलं पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) पाणी लागलं की फुगतं. भिंतीपासून किती अंतर ठेवू? कापलेल्या कडांना एज बँड (कडेवर चिकटवायची पट्टी) पुरेल की आधी सीलर (ओल रोखणारा लेप) लावू?

कोणी असं केलं असेल तर फोटो टाका, प्लीज. पुढच्या रविवारी सुतारकाका येणार आहेत.