दारू पिऊन गाडी: दंड पुरे, की कोर्टाने उपचारालाही पाठवावं?

चाफा:
गेल्या महिन्यात मामेभावाबरोबर कोर्टात गेले होते. नाकाबंदीत सापडला, ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकलं, केस झाली. दारापाशी पंधरा-वीस जण ताटकळत उभे. नाव पुकारलं की आत. "गुन्हा कबूल?" "हो साहेब." दहा हजार भरले, पावतीची घडी शर्टाच्या खिशात, संपलं. पैसे मामीच्या भिशीतले. त्याच रात्री तो पुन्हा प्यायला. रोज पितोस का, एवढं एकानेही विचारलं नाही. अशांना कोर्टाने व्यसनमुक्तीला पाठवलंच पाहिजे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, वाट नवी नाही.

घाटमाथा:
अजिबात पटत नाही. पुण्यातलं कल्याणीनगर आठवा, मे २०२४. अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन जीव गेले आणि बाल न्याय मंडळाने जामीन देताना काय सांगितलं? ३०० शब्दांचा निबंध लिही, वाहतूक पोलिसांबरोबर काम कर, दारू सुटावी म्हणून समुपदेशन घे. मोटार वाहन कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ आहे, त्यात पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, ती आधी द्या. माझ्या थोरल्या भावाला अशाच एकाने उडवलं. आज तो काठीशिवाय जिना चढू शकत नाही.

काळा कोट:
दादा, तुमचा राग रास्त आहे. पण १८५ ची केस चौकात पावती फाडून मिटत नाही, माणूस न्यायाधीशापुढे येतोच. तीच वेळ साधायला हवी. १९५८ च्या प्रोबेशन कायद्यात कलम ४ खाली शिक्षेऐवजी देखरेखीत सोडताना नशा न करण्याची अट घालता येते. ती मागतं कोण? आरोपीला कबुली देऊन मोकळं व्हायचं असतं, आणि आम्ही वकीलही तोच सल्ला देतो. मीही दिलाय. चुकलं माझं.

घाटमाथा:
बेदरकार गाडी चालवून जीव घेणाऱ्याला प्रोबेशन नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच बजावलंय.

काळा कोट:
ते मृत्यूच्या खटल्यात. इथे अजून कोणाला लागलेलं नाही, आणि लागू नये म्हणूनच हा खटाटोप.

घाटमाथा:
मग लायसन्स जमा करा. उपचार पूर्ण झाल्याचा कागद आणला तरच परत. आणि दुसऱ्यांदा सापडला तर थेट आत. एवढं असेल तर माझा विरोध नाही.

चाफा:
मला मान्य. सध्या बाईकची चावी मामी ज्वारीच्या डब्यात लपवते.