सायन्स म्युझियममध्ये आदिवासी खाणं आणायचंय, पण स्टॉल लावून नाही

मुळाकाठची
नमस्कार मंडळी, मी पुण्यातल्या एका सायन्स म्युझियममध्ये शनिवार-रविवार व्हॉलंटिअर म्हणून जाते, मुलांना प्रयोग दाखवते. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला आम्हाला जुन्नर-आंबेगावकडच्या आदिवासींचं खाणं आणि संस्कृती यावर काहीतरी करायचंय. मीटिंगमध्ये ठरत आलंय ते असं की दारात वारली चित्रांची कमान, अंगणात नाच, नाचणीच्या भाकरीचा स्टॉल, आणि आत हॉलमध्ये नेहमीचेच लोलक आणि भिंगं. मला हे अजिबात पटत नाहीये. खाणं बाहेर आणि विज्ञान आत, असं का? आत आणायचं तर नेमकं काय आणायचं, कुणाला कसं बोलवायचं, कुणी असं काही केलं असेल तर प्लीज सांगा.

शिवनेरीपल्याडचा
ताई, आधी एक, वारली लोक पालघर-डहाणूकडचे. आमच्या जुन्नर-आंबेगावला महादेव कोळी, ठाकर, कातकरी. कमान करायचीच असेल तर निदान ज्यांना बोलावताय त्यांची करा.

मी ठाकर आहे, आता नोकरीला हडपसरला. तुम्हाला आत काय ठेवायचं विचाराल तर मी कडू करांदे म्हणेन, म्हणजे रानातले कडू कंद. रानातले करांदे तसेच खाल्ले तर तोंड कडूजहर आणि पोटालाही बाधतात. आजी त्याच्या अगदी पातळ चकत्या करायची, चुलीतली राख घालून उकडायची, मग टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची, वर दगड. सकाळी एक चकती जिभेला लावून बघायची, कडू लागली तर परत पाण्यात. साठवलेल्या पाण्यात ठेवलेलं तिला चालायचं नाही, वाहतंच पाहिजे. हे सगळं कुणीतरी कधीतरी करून, चुकून, परत करून शोधलंय ना? मग याला लोककला म्हणून का दाखवायचं, प्रयोग म्हणून दाखवा.

वनस्पतीवाली
वरचे दादा लाखमोलाचं बोलले. मी कॉलेजात बॉटनी शिकवते. चकती पातळ केली की पाण्याला जास्त पृष्ठभाग मिळतो, राखेने पाणी अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) होतं, आणि वाहत्या पाण्यात बाहेर आलेलं कडू द्रव्य तिथेच साठून राहत नाही म्हणून आतलं बाहेर येत राहतं. हे मुलांना टेबलावर दाखवता येतं, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद राखेच्या निवळीत टाका, अल्कलीमुळे लगेच लाल होतो. तसंच शेवळं ही रानभाजी. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, नीट न शिजवता खाल्लं तर घसा धरतो, म्हणून त्यात काकडं (एक आंबट रानफळ) किंवा दुसरं काही आंबट घालतात. एक देठ कापून मायक्रोस्कोपखाली ठेवा, त्या सुया पोरांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.

फक्त चव द्यायची ती रांधणाऱ्या बायकांनी स्वतः केलेल्या पदार्थाचीच. आपल्यापैकी कुणी यूट्यूब बघून करांदे उकडायला जाऊ नये.

कोथरूडचा वाचक
मक्याची गोष्टही ठेवा. मेक्सिकोकडचे मूळ लोक मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवतात, त्याने त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला पण ही कृती नेली नाही, आणि जिथे गरिबांच्या ताटात मक्याशिवाय फारसं काही नव्हतं तिथे नायसिनच्या कमतरतेने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. राख इथेही आणि तिथेही!

वॉशिंग्टनला नॅशनल म्युझियम ऑफ द अमेरिकन इंडियन २००४ मध्ये उघडलं, तिथल्या कॅफेत वेगवेगळ्या प्रदेशांतल्या मूळ लोकांचं जेवण मिळतं. पण जेवण मिळालं म्हणजे झालं असं नाही, ज्ञान कुणाचं हे लिहिलं पाहिजे आणि पैसेही पोचले पाहिजेत. केरळात १९८७ साली काणी आदिवासी वाटाड्यांनी शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली, त्यावरून जीवनी हे औषध झालं आणि त्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने लायसन्स फी आणि रॉयल्टीतला अर्धा वाटा काणींना द्यायचं ठरवलं. तुमच्याकडे औषध नाही, पण पाहुण्या शास्त्रज्ञाला जे मानधन देता तेच रांधणाऱ्या बाईंना द्या, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. महादेव कोळी शेतकरी राहीबाई पोपेरेंना २०२० चा पद्मश्री देशी बियाणं सांभाळल्याबद्दल मिळाला, म्हणजे तज्ज्ञ कोण हे सरकारलाही कळलंय, आपल्या म्युझियमलाही कळू दे. आणि क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, तुमच्या टीमला आधी तिथे घेऊन जा.

शिवनेरीपल्याडचा
अजून एक राहिलं. ९ ऑगस्टला करांदे मागाल तर मिळायचे नाहीत, ते पाऊस सरल्यावर. शेवळं पहिल्या पावसाची, चाईचा मोहोर आणि भारंगी या रानभाज्या श्रावणाच्या आसपास, मोहाची फुलं फाल्गुन-चैत्रात. तारीख तुम्ही ठरवू नका, रानाला ठरवू द्या. आणि रानभाज्यांची विक्री ठेवू नका हो, शहरात मागणी वाढली की शेवळं पार मुळापासून उपटून आणतात.

मुळाकाठची
दादा, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याच्या मीटिंगमध्ये मांडते की एक दिवसाचा कार्यक्रम नको, वर्षभरात चार, रानात जे असेल त्याचे. ऑगस्टला भारंगी आणि चाई, करांदे दिवाळीच्या सुमाराला. टेबलावर रांधणाऱ्या मावशी बोलतील आणि आम्ही व्हॉलंटिअर हळदीचे कागद आणि मायक्रोस्कोप सांभाळू. पाटीवर काय लिहायचं ते त्यांनाच विचारून. दादा, तुमच्या गावच्या कुणाशी आधी बोलायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आम्हीच तिकडे येऊ भेटायला.