डिसेंबरमध्ये रानपिंगळा: चार ठिकाणं की एकच?

सागवान: डिसेंबरचे चारही शनिवार-रविवार रानपिंगळा या दुर्मिळ छोट्या घुबडासाठी राखून ठेवलेत. तोरणमाळ, यावल, मेळघाट, तानसा, दर आठवड्याला एक असा बेत आहे. साध्या पिंगळ्यापासून तो खात्रीने कसा ओळखायचा? आणि त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलवावं का?

पानगळ: चार ठिकाणं नकोत. हा पक्षी आपला इलाका धरून राहतो. पहिल्या दोन दिवसांत वाटा आणि झाडं कळतात, त्याचा फायदा पुढच्या खेपेला होतो. दोन ठिकाणं निवडा आणि प्रत्येकी दोनदा जा. अभयारण्यात शिरायची परवानगी आणि वाटाड्या आधीच ठरवा, नाहीतर नेमकी सकाळ फाटकावर जाते.

घुबड म्हणून रात्री शोधाल तर फसाल. हा दिवसाही शिकार करतो, थंडीत सकाळी उघड्या शेंड्यावर ऊन खात बसतो. सूर्योदयापासून दहापर्यंतचा वेळ त्याला द्या. विरळ सागाचं रान निवडा. गाडीतून शोधू नका, इंजिनात शीळ ऐकूच येत नाही. वाळक्या सागाच्या पानांवरून चालणंही तसंच, म्हणून बैलगाडीची वाट धरा. दर तीन-चारशे मीटरवर दहा मिनिटं गप्प उभं राहायचं आणि झाडांचे वरचे भाग ८×४२ दुर्बिणीने सावकाश बघायचे. कोतवाल-बुलबुलांनी एकाच फांदीभोवती कालवा केला तर तिथे घुबड असू शकतं, आधी तिकडे वळा.

ठिपका: ओळखीबद्दल. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ सपाट तपकिरी. पण एकट्या डोक्यावर विसंबू नका. पक्षी उन्हाच्या विरुद्ध बसला की ठिपके दिसेनासे होतात, आणि बऱ्याच चुकीच्या नोंदी इथेच जन्मतात. सूर्य पाठीशी घ्या, मग पंख आणि शेपटीवरचे रुंद, ठसठशीत पट्टे, गडद छाती, तिच्याखाली डाग नसलेलं पांढरं पोट आणि पिसांनी भरलेले जाड पांढरे पाय बघा. जंगली पिंगळाही दिवसा दिसतो, पण त्याच्या डोक्यापासून सगळ्या अंगावर बारीक आडव्या रेघा असतात.

फोटो मिळाला तर शेपटीसकट घ्या. नुसत्या चेहऱ्यावरून वाद मिटत नाहीत.

पानगळ: आवाज वाजवू नका. हिवाळ्यात यांचा विणीचा हंगाम चालू असतो. ढोलीतल्या मादीला नर भक्ष्य आणून देतो. खोट्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात त्याचा वेळ गेला की मादी उपाशी राहते. शिवाय रोज वाजवलं की पक्षी उत्तर देणं सोडतो, मग पुढच्याला रान रिकामं वाटतं.

सागवान: बरं, मग तोरणमाळ आणि मेळघाट. चारही खेपांत दिसला नाही तर?

ठिपका: तरी नोंद करा: तारीख, वेळ, चाललेलं अंतर, किती ठिकाणी थांबलात. १८८४ नंतर हा पक्षी थेट नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, म्हणजे मधली ११३ वर्षं. कुठे, किती वेळ शोधूनही दिसला नाही हे लिहिलेलं असलं की पुढच्याचे फेरे वाचतात. ढोली सापडली तर जागा मात्र जाहीर करू नका.