बचत खात्यातले पैसे जास्त व्याजाच्या बँकेत हलवावेत का?

पै_पै
पगाराच्या खात्यात दोन-तीन लाख वर्षानुवर्षं पडू देणं थांबवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. चालू खात्यावर आपल्याकडे व्याज मिळत नाही, त्यामुळे बोलतोय ते बचत खात्याबद्दल. २५ ऑक्टोबर २०११ला रिझर्व्ह बँकेने बचतीचा दर ठरवणं बँकांवर सोडलं. त्याआधी सगळीकडे सारखेच ४ टक्के, मग बँक बदलून मिळणार काय? आता फरक पडतो. जून २०२५मध्ये स्टेट बँकेने दर २.७ वरून २.५ टक्क्यांवर आणला. मोठ्या शिलकेवर याच्या दुपटीहून जास्त देणाऱ्या स्मॉल फायनान्स बँका (प्रामुख्याने छोट्या ग्राहकांसाठी परवाना मिळालेल्या बँका) तेव्हाही होत्या.

पद्धत सोपी आहे. पगार झाला की हप्ते, एसआयपी आणि घरखर्चापुरतं ठेवायचं, उरलेलं त्याच दिवशी दुसऱ्या बँकेत. ऑनलाइन एनईएफटीला बचत खातेदाराला जानेवारी २०२० पासून शुल्क नाही. शिवाय १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकेवर मोजतात. पूर्वी दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिलक धरायचे. वीस तारखेला पैसे काढले की त्यांचं महिन्याचं व्याज बुडालं. आज एकेक दिवस मोजला जातो, तर तो फुकट का घालवायचा?

काउंटरपलीकडून
जाहिरातीतला ७ टक्के दर सगळ्या रकमेवर नसतो, हे आधी लोकांना सांगा. बँकेत होतो तेव्हा हे समजावून समजावून घसा बसायचा. समजा एक लाखापर्यंत ३, पुढे पाच लाखांपर्यंत ५ आणि त्यावर ७ टक्के आहे. तुमच्या दोन लाखांवर ३,००० अधिक ५,००० असे ८,००० मिळतील, म्हणजे ४ टक्के. २.५ टक्क्यांनी ५,००० मिळतच होते. ३० टक्के प्राप्तिकराच्या टप्प्यात असाल तर जास्तीच्या ३,०००मधले दोन हजारांच्या आसपास हातात राहतात. बचतीच्या व्याजावरची १०,०००पर्यंतची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. एवढ्यासाठी नवं खातं, नवी केवायसी, नवा पासवर्ड? आहे त्याच बँकेत ऑटो स्वीप सुरू करून घ्या. ठरावीक शिलकेवरचे पैसे आपोआप मुदत ठेवीत जातात आणि लागतील तेव्हा परत येतात. मुदतीआधी मोडल्याचा थोडा दंड बसतो, इतकंच.

भांडुपकर
दोन हजारांसाठी झोप घालवू नये. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचं मुख्यालय आमच्याच भांडुपचं. सप्टेंबर २०१९मध्ये तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते.

पै_पै
@भांडुपकर, पीएमसीच्या वेळी बँकेतल्या ठेवींचा विमा १ लाखाचा होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो मुद्दल आणि व्याज धरून, दर बँकेमागे दर ठेवीदाराला ५ लाखांचा आहे. स्मॉल फायनान्स आणि सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत, म्हणून कुणी १० टक्के देऊ केले तरी तिथे जाऊ नका. आणि ठेव विम्याच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर, बँकेवर निर्बंध आल्यावर ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यावे लागतात.

भांडुपकर
ते ९० दिवसच तर माझी अडचण आहे. बचत खात्यातला पैसा अडीअडचणीचा असतो. आई आयसीयूत असताना रुग्णालय तीन महिने थांबणार का? पैसे बुडणार नाहीत हे मान्य. पण ज्या दिवशी लागतील त्या दिवशी ते मिळायला हवेत.

लेक_धाकटी
पैसे हलवण्याला माझा विरोध नाही, खाती वाढवण्याला आहे. बाबा गेल्यावर पाच बँकांची पासबुकं निघाली. दोन खात्यांना नॉमिनीच नव्हता, एक खातं दोन वर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेलं, आणि एका शाखेने तर मृत्यूचा दाखला दिल्यावरही प्रतिज्ञापत्र, जामीनदार असं एकेक मागत आम्हाला हेलपाटे घालायला लावले. आई प्रत्येक वेळी सोबत यायची, कारण सही तिची लागायची. बाबांनी ही खाती व्याजासाठीच उघडली होती. कुठे किती आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. नवं खातं उघडाल त्याच दिवशी नॉमिनी नोंदवा आणि घरी सांगा. ते जमणार नसेल तर उघडू नका.

ईएमआयवाला
गृहकर्ज आहे त्यांनी या वादात पडूच नये. ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या कर्जखात्यात जादा पैसे ठेवले की तेवढ्या रकमेवरचं व्याज त्या दिवसापासून थांबतं, आणि हवे तेव्हा काढता येतात. कर्ज साडेआठ टक्क्यांचं असेल तर तुमचे साडेआठ टक्के वाचले, शिवाय वाचलेल्या व्याजावर कर नाही. दर साध्या कर्जापेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून चांगली शिल्लक ठेवणाऱ्यांनाच हे परवडतं.

पै_पै
कर्ज असेल तर हे उत्तम, वाद नाही. पण माझ्यासारखे बिनकर्जाचेही पुष्कळ आहेत. @काउंटरपलीकडून, स्वीप चांगलाच, पण तो मागितल्याशिवाय सुरू होत नाही आणि बहुतेकांना तो असतो हेच माहीत नाही. @भांडुपकर, आयसीयूचा पहिला आठवडा निघेल एवढी रक्कम मोठ्या बँकेतच राहू द्या. त्यावरची हलवा. दुसरं खातं एकच, पाच लाखांच्या बरंच आत, नॉमिनीसह. वर्षाला दोन हजार म्हणजे आमच्या घरचं तीन महिन्यांचं वीजबिल आहे, आणि ते मी बँकेला सोडणार नाही.

भांडुपकर
मी सोडतो. आईचं वय बघता मला तेच परवडतं.